काहिलीवरची वाफ



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, ते सर आम्हाला नववीला विज्ञान शिकवायचे. अप्रकट उष्मा हा धडा आला, तेव्हा पुस्तक मिटून ते आम्हा सगळ्यांना घेऊन गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर गेले. थंडीचे दिवस होते. काहिलीत रस उकळत होता, गुळव्या लांब दांड्यानं मळी काढत होता आणि वाफेचा पांढरा लोट कौलांच्या फटींतून वर निघाला होता. सरांनी आम्हाला चुलवाणाच्या तोंडाशी उभं केलं. चेहरे भाजायला लागले. मग सर धुराड्याकडे बोट करून म्हणाले, ‘तिथून काय जातंय?’ आम्ही म्हटलं, धूर. ‘आणि काहिलीवरून?’ वाफ. सर म्हणाले, ‘दोन्हीकडून ऊस जातोय. किती जातोय ते मला उद्या मांडून दाखवा.’

दुसऱ्या दिवशी कुणालाच ते मांडता आलं नाही. पुढे इंजिनियर होऊन ऊर्जेचं लेखापरीक्षण हाच व्यवसाय धरला आणि गेली अनेक वर्षं साखर कारखाने, दूधसंघ, गुऱ्हाळं, बेकऱ्या यांच्या बॉयलरपाशी आणि भट्ट्यांपाशी वजनकाटा घेऊन फिरले. आज बोलायचं आहे ते अन्न तयार करणाऱ्या उद्योगानं आपला कार्बनचा भार कसा कमी करावा यावर. जगभरची उदाहरणं देता येतील, पण मी गूळ घेते. तो मला आतून माहीत आहे, कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि सरांनी दिलेला गृहपाठ अजून माझ्याकडे बाकी आहे.

तर तो आधी पुरा करते. १०० किलो ऊस चरकात घातला की साधारण ६० किलो रस निघतो आणि ४० किलो ओलं चिपाड पडतं. त्या रसाचा गूळ होतो ११ किलोच्या आसपास. म्हणजे एक किलो गुळासाठी साडेपाच किलो रस, आणि त्यातलं साडेचार किलो पाणी उकळून घालवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी लागतात. हाच तो अप्रकट उष्मा. पाणी तापवून उकळीपर्यंत नेण्याचा खर्च त्यात मिळवला, तर एका किलो गुळाला २,८०० किलोकॅलरी धरा. उन्हात चांगलं वाळलेलं चिपाड किलोला साडेतीन हजारांच्या आसपास देतं. मग एक किलो गूळ शिजायला पाऊण किलोहून थोडं जास्त चिपाड पुरायला हवं.

प्रत्यक्षात जळतं दोन किलो किंवा त्याहून जास्त. ४० किलो ओलं चिपाड वाळून २२ किलो होतं, गूळ होतो ११ किलो, आणि हंगाम संपतो तेव्हा गुऱ्हाळावर चिपाडाचा ढीग शिल्लक नसतो. हा साधा भागाकार आहे. शंभरातले पस्तीस-चाळीस भाग काहिलीच्या कामी येतात. बाकीची उष्णता धुराड्यातून, चुलवाणाच्या भिंतींतून आणि उघड्या तोंडातून निघून जाते, थोडी अर्धवट जळालेल्या कोळशात राखेबरोबर बाहेर पडते. जे काहिलीच्या कामी आलं तेही वाफेबरोबर वर जातं. सर म्हणत होते ते हेच. ती वाफ आपल्याला पांढरी आणि निरुपद्रवी दिसते, पण तिच्यात किलोमागे ५४० किलोकॅलरी भरलेल्या असतात.

या वाफेला कामाला लावणाऱ्या माणसाचं नाव इथे घ्यायलाच हवं. नॉर्बर रिलिउ. १८०६ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेला, वडील गोरे, आई मुक्त कृष्णवर्णीय. शिक्षण पॅरिसला झालं. त्या काळी लुईझियानातल्या साखरेच्या मळ्यांवर रस आटवायची पद्धत म्हणजे एकापुढे एक उघड्या कढया, आणि उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतणारे गुलाम. लाकूडही बेसुमार लागायचं आणि माणसंही भाजायची. रिलिउनं बंद भांडी एकापुढे एक जोडली आणि पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवायला दिली. पुढच्या भांड्यात हवेचा दाब कमी ठेवला की रस कमी तापमानाला उकळतो, म्हणून तीच उष्णता पुन्हा उपयोगी पडते. १८४३ आणि १८४६ साली त्यानं पेटंटं घेतली. आज जगातल्या साखर कारखान्यांत, दुधाची भुकटी करणाऱ्या प्रकल्पांत, टोमॅटोचा गर आटवणाऱ्या कारखान्यांत हेच तत्त्व चालतं. चार भांड्यांच्या मांडणीत एक किलो वाफ जवळपास चार किलो पाणी उडवते. ज्याच्या यंत्रानं मळेवाल्यांचं इंधन वाचलं, त्याला त्याच राज्यात रंगामुळे दुय्यम वागणूक मिळाली. तो पॅरिसला परत गेला आणि १८९४ साली तिथेच वारला. कार्बन हा शब्द त्याच्या डोक्यातही नव्हता. पण अन्नउद्योगात एवढं इंधन वाचवणारी कल्पना माझ्या माहितीत दुसरी नाही.

गुऱ्हाळाला ही बंद भांडी परवडत नाहीत, आणि उघड्या काहिलीत ११८ अंशांपर्यंत नेलेल्या पाकाची चव त्यात येत नाही असं गुळवे सांगतात. त्यांच्या जिभेवर माझा विश्वास आहे. पाक थंड पाण्यात टाकून बोटांवर गोळी वळून बघणारा माणूस थर्मामीटरला मागे टाकतो, हे मी किती तरी वेळा पाहिलं आहे. म्हणून काहील आहे तिथे राहू द्या. चुलवाणात मात्र पुष्कळ करता येतं, आणि ते फार महाग नाही.

पहिली गोष्ट, वाळवण. चरकातून पडलेल्या चिपाडात निम्मं पाणी असतं. ते तसंच आगीत घातलं तर किलोमागे अर्धा किलो पाणी आधी उकळून हाकलावं लागतं, मग काहिलीचा नंबर. धुराडं काळा धूर ओकायला लागतं, आणि त्यातली काजळी स्वतःच हवा तापवते. नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी पाऊस आला, की खळ्यावर पसरलेलं चिपाड भिजतं आणि हंगाम तर थांबवता येत नाही. अशाच एका डिसेंबरात एका गुऱ्हाळावर चुलवाणात जुने टायर जाताना मी पाहिले. मालक नजर चुकवत होता. त्याला दोष देऊन काय होणार, तीन दिवसांचा तुटलेला ऊस दारात पडला होता. त्याला हवी होती पत्र्याची एक शेड. पाच-सहा दिवसांचं कोरडं जळण छपराखाली असलं की टायर आणि सरपण दोन्ही बंद होतात. कार्बन कमी करण्याच्या माझ्या यादीत शेडचा नंबर नेहमी वरचा असतो.

दुसरी गोष्ट, हवा. जळणाला हवा खालून, जाळीतून मिळाली पाहिजे आणि मोजकी मिळाली पाहिजे. चुलवाणाचं तोंड सताड उघडं असलं की गार हवा आत शिरते, तापते आणि धुराड्यातून निघून जाते, म्हणजे आपण आकाश तापवत बसतो. तोंडाला झाकण, धुराड्यात मागेपुढे सरकवता येणारी पत्र्याची झडप, आणि एकदम मोठी पेंढी कोंबण्याऐवजी थोडं थोडं जळण. तिसरी, धुराड्याकडे निघालेला गरम वायू वाटेत अडवून त्यावर दुसरी काहील ठेवणं, म्हणजे पुढचा रस आधीच कोमट होऊन येतो. उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगर-मेरठकडे एका चुलवाणावर तीन-तीन कढया असतात. काहिलीच्या तळाला खालून लोखंडी पट्ट्या जोडल्या की आच धरायला जागा वाढते. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेत अशा काहिलींवर काम झालं आहे. एवढं सगळं एकत्र जमलं तर चिपाडातला चौथा हिस्सा वाचवणं अवघड नाही.

आता मी जरा थांबते, कारण इथपर्यंत ऐकून तुमचा समज होईल की गुळाचा कार्बनचा भार म्हणजे हे धुराडं. मीही बरीच वर्षं तेच धरून चालले होते.

चिपाड जळताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो, तो उसानं गेल्या वर्ष-दीड वर्षात हवेतूनच घेतलेला असतो. पुढचा ऊस तो पुन्हा घेईल. कोळसा आणि डिझेल यांचं तसं नाही, तो कोट्यवधी वर्षांपूर्वी पुरलेला कार्बन आहे. म्हणून हिशेबाच्या वहीत चिपाडाचा धूर काजळीपुरता आणि अर्धवट जळण्यापुरता मांडायचा. मग चिपाड वाचवायचं कशासाठी? वाचलेलं चिपाड कुणाचा तरी कोळसा वाचवतं, कुणाच्या तरी कागदाच्या लगद्यात जातं, किंवा शेतात आच्छादन होतं, म्हणून. पण गुळाच्या ढेपेवरचं खरं ओझं मला सापडलं ते दुसरीकडे. तिथे धूर नव्हता.

एक एकर आडसाली ऊस घ्या. शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे एकरी १६०. शेतकरी ते पुष्कळदा युरियातून देतो. ४५ किलोची आठ पोती धरा, ३६० किलो. यातलं निम्म्याहून कमी नत्र उसाला मिळतं. बाकीचं पाण्याबरोबर खाली जातं, हवेत उडतं, आणि त्यातलं थोडं जमिनीतल्या जिवाणूंच्या हातून नायट्रस ऑक्साइड होऊन बाहेर पडतं. हवामान बदलावर काम करणाऱ्या आयपीसीसीचा ढोबळ नियम असा, की घातलेल्या नत्रातला शंभरातला एक भाग या वायूच्या रूपानं जातो. भाग छोटा, पण हा वायू १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. आठ पोत्यांमागे हे ७०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं होतं. युरिया जमिनीत विरघळताना जो कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो आणखी २६० किलो. खताच्या कारखान्यात नैसर्गिक वायू जाळून युरिया बनवताना निघालेला तर यात धरलेलाच नाही.

त्या एकरात ४० टन ऊस आला, चार-साडेचार टन गूळ झाला. म्हणजे किलोभर गुळावर नुसत्या युरियाचे २०० ग्रॅमच्या वर. आता कोल्हापूरचा गूळ गुजरातेत जातो हे तुम्हाला माहीत आहे. दहा टन गूळ भरून ट्रक अहमदाबादला, साधारण ९०० किलोमीटर गेला, लिटरला चार किलोमीटर धरलं, तर सव्वादोनशे लिटर डिझेल जळेल, ६०० किलो कार्बन डायऑक्साइड. दहा टनांवर वाटलं तर किलोला ६० ग्रॅम. अहमदाबादचा प्रवास एकीकडे, आणि उसाच्या बुडाशी टाकलेली आठ पोती दुसरीकडे. पोतीच तिपटीहून जड आहेत.

हे गुळापुरतंच खरं आहे असं नाही. पूअर आणि नेमेसेक या दोन अभ्यासकांनी २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ११९ देशांतल्या ३८ हजारांहून अधिक शेतांचा हिशेब एकत्र मांडला. जगाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी २६ टक्के अन्नातून येतात, आणि अन्नातल्या त्या वाट्यात वाहतूक सुमारे ६ टक्के. मोठा हिस्सा शेतावर आणि गोठ्यातच पडतो. दुधाचं उदाहरण घ्या. दूधसंघ शीतकरण केंद्रावर सोलर पॅनेल बसवतात, चांगलंच आहे, पण दुधाचा मोठा भार गाई-म्हशी रवंथ करताना बाहेर पडणाऱ्या मिथेनचा असतो. चारा सुधारणं, भाकड जनावरांची संख्या आटोक्यात ठेवणं, एका जनावराचं दूध वाढवणं याला पॅनेलपेक्षा जास्त वजन आहे.

इथे एक अनुभव सांगायला हवा. एका अन्नप्रक्रिया कंपनीनं मला बोलावलं होतं, नाव सांगत नाही. त्यांना परदेशी ग्राहकासाठी कार्बनचा आकडा हवा होता. मी शेतापासून हिशेब सुरू केला. अधिकारी म्हणाले, ‘मॅडम, गेटच्या आतलं बघा. बाहेरचं आमच्या हातात नाही.’ मी गेटच्या आतलं बघितलं. दिवे बदलले होते, कॉम्प्रेसर बदलला होता, सगळं नीटनेटकं. आकडा छान आला आणि छापूनही झाला. पण ज्यांच्या शेतातून तो माल आला, त्यांच्याकडे त्या वर्षी कुणी पाऊल टाकलं नाही. तो अहवाल माझ्या हातून गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

महाराष्ट्रात तर हे ‘गेटच्या बाहेर’ म्हणायला जागाच नाही. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून आपल्याकडे सहकारी कारखान्याचा मालक हा सभासद शेतकरी आहे. शेत त्याचं आणि बॉयलरही त्याचाच. गुऱ्हाळ तर घरचंच. कारखान्याकडे शेतकी खातं आहे, गावोगावी उसाच्या नोंदी घेणारा चिटबॉय आहे, कोणत्या गटात कोणत्या तारखेला लागण झाली याची नोंद आहे. जगातल्या किती अन्नकंपन्यांना आपला कच्चा माल कोणत्या सरीतून आला हे माहीत असतं? आपल्याकडे ती माहिती तोडीचा कार्यक्रम लावण्यापुरती वापरली जाते. तीच वही खताच्या मात्रेसाठी उघडली पाहिजे.

आणि शेतकऱ्याला काय सांगायचं, तेही फार गूढ नाही. माती तपासून नत्र द्यायचं. एकदम फेकण्याऐवजी चार हप्त्यांत, मातीआड करून. ठिबक असेल तर पाण्यातून थोडं थोडं. सरीत हरभरा, भुईमूग, सोयाबीन यांसारखं आंतरपीक, लागणीआधी ताग किंवा धैंचा गाडणं. आठाची सहा पोती झाली आणि उतारा तोच राहिला, तर त्या एकराचा युरियाचा भार पाव हिश्शानं उतरला. चुलवाणाला हात न लावता.

पाचटाबद्दल मला थोडं सविस्तर बोलू द्या. ऊस तुटून गेला की एकरी तीन-चार टन पाचट मागे राहतं. संध्याकाळी बांधावरून काडी ओढली की तासाभरात रान काळं. लोक का पेटवतात हे मी समजून घेतलं आहे. खोडव्याला पाणी द्यायला अडचण होते, उंदीर होतात, सापाची भीती असते, आणि मजूर पाचटात शिरायला तयार नसतात. ही कारणं खोटी नाहीत. पण त्या चार टनांत सोळा-अठरा किलो नत्र असतं, जवळपास युरियाचं एक पोतं, शिवाय पालाश आणि सेंद्रिय कर्ब. आगीत नत्र जवळपास सगळं उडतं. पाचट एका आड एक सरीत लोटून, किंवा कुट्टी करून, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणूंचं संवर्धक टाकलं की ते जागेवर कुजतं. ओल टिकते, तण दबतं. माझ्या मामांनी पहिल्या वर्षी अर्ध्या रानात ठेवलं आणि अर्ध्यात पेटवलं. जूनमध्ये दोन्हीकडची माती मुठीत घेऊन त्यांनी माझ्यापुढे धरली. एका मुठीतली ओलसर होती आणि तिच्यात गांडूळ वळवळत होतं. दुसऱ्या वर्षी काडीपेटी घरीच राहिली.

तसंच पंपाचं. शेतीला वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची येते, म्हणून स्टार्टर ऑटोवर टाकून शेतकरी झोपतो. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर तीस-पस्तीस युनिट जळतात, आणि आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची असल्यामुळे एका रात्रीचा भार पंचवीस किलोच्या घरात जातो. पाणी मात्र दोन वाजताच सरीच्या टोकाला पोचलेलं असतं. सकाळी रान तळं होतं आणि त्या साचलेल्या पाण्यातच युरियाचा नायट्रस ऑक्साइड जास्त होतो. म्हणजे एकाच चुकीची दोनदा नोंद. दिवसा मिळणारी सौर वीज इथे नुसती स्वच्छ म्हणून महत्त्वाची नाही. दिवसा वीज असेल तर शेतकरी जागा असतो आणि पंप वेळेवर बंद करतो.

आता पुन्हा गुऱ्हाळावर येते, कारण शेतातलं ओझं हलकं करण्याचा एक मार्ग चरकातून जातो. चरकाचे रूळ झिजले की शंभर किलो उसातून ५८ किलो रस निघतो, नीट बसवलेल्या चरकातून ६४. सहा किलोंचा फरक, म्हणजे त्याच शेतातून, त्याच युरियातून, त्याच पाण्यातून दहा टक्के जास्त गूळ. किलोमागचा शेताचा भार तेवढा कमी. ऊस तुटल्यापासून चरकात जाईपर्यंत दोन-तीन दिवस उन्हात पडला, तर साखर उतरते आणि गूळ मऊ पडतो. ते सगळं नत्र, ती सगळी वीज त्या पडून राहिलेल्या उसाबरोबर वाया जाते. अन्न वाया जातं तेव्हा त्याच्यामागचा सगळा हिशेब वाया जातो. म्हणून मी कुठल्याही कारखान्यात गेले की बॉयलरच्या आधी आवारातल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग मोजते.

मोठ्या कारखान्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याकडे सल्लागार आहेत. जुन्या कारखान्यांत १०० किलो उसामागे ५० किलोच्या आसपास वाफ लागायची. रिलिउच्या भांड्यांची संख्या वाढवून आणि वाफ पुन्हा पुन्हा वापरून ती ३५ च्या आसपास आणता येते. वाचलेल्या बगॅसवर, म्हणजे कारखान्यातल्या चिपाडावर, वीज करून ग्रिडला दिली की तेवढा कोळसा वाचतो. आसवनीचं सांडपाणी उघड्या तळ्यात कुजत ठेवलं तर मिथेन हवेत जातो, तेच झाकून गॅस केला तर जळण मिळतं. रस गाळून उरलेल्या गाळापासून, म्हणजे प्रेसमडपासून, गॅस करायला केंद्राच्या २०१८ च्या योजनेनं चालना मिळाली. हे होतं आहे, आणि त्याचा मला आनंद आहे. पण वीज विकल्याचे पैसे कारखान्याला दिसतात, म्हणून ते आधी झालं. पाचट न पेटवल्याचे पैसे कुणाच्याही ताळेबंदात येत नाहीत. माझं स्पष्ट मत असं, की कारखान्यानं किंवा गूळ विकत घेणाऱ्यानं पाचट ठेवणाऱ्या शेतकऱ्याला टनामागे काही रक्कम द्यावी आणि ती पावतीवर छापावी. ग्राहकाला कमी कार्बनचा गूळ विकायचा आणि त्याचा जादा भाव मधल्या मध्ये राहायचा, हे चालू दिलं तर दुसऱ्या वर्षी शेतकरी पुन्हा काडी ओढेल, आणि त्याचं चुकणार नाही.

गुऱ्हाळवाल्यांसाठी मी एक काम घेऊन आले आहे. पुढचा हंगाम दसरा-दिवाळीनंतर सुरू होईल. गुऱ्हाळाच्या भिंतीवर कोळशानं आदणांचा हिशेब लिहायची आपली पद्धत आहे. आदण, म्हणजे काहिलीत एका वेळी शिजणारा रस, किती आणि रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, किती. त्याशेजारी आणखी चार रेघा ओढा. चरकात गेलेला ऊस, निघालेला रस, जळालेलं चिपाड, आणि तो ऊस ज्या रानातून आला तिथे पडलेली युरियाची पोती. दहा आदणांचं तरी वजन करा. काटा नसेल तर माझा आहे, गाडीत घालून आणते. डिसेंबरात मी पुन्हा या तालुक्यात येणार आहे. सरांच्या वेळचं ते गुऱ्हाळ अजून चालू आहे. सुरुवात तिथूनच करू, आणि पहिल्या दिवशी नववीच्या मुलांना बरोबर नेऊ.